दोन्ही बाजूंचे आबासाहेब

आमच्या इंदापूरचे आबासाहेब पेपर काढायचे. दर सोमवारी चार पानं. बाजारभाव, तमाशाची जाहिरात, कुणाची म्हैस हरवली. मी सारजा, त्यांची शेजारीण, चौथी शिकलेली. आळीला मीच वाचून दावायची. तवर सगळं बरं होतं.

स्वराज्यातल्या दुसऱ्या निवडणुकीआधी लाठ्या फिरवणारं एक दल गावात आलं. त्यांच्या म्होरक्यानं भाषण ठोकलं, मुसलमानाच्या हातनं बांगड्या भरणारी बाई बाटली म्हणून समजा. लोक हसले, घरी गेले. पण आबासाहेबांनी ते छापलं! आधी कोपऱ्यात, म्हशीच्या बातमीखाली. मग मधल्या पानात. मग पहिल्या पानावर त्या मुडद्या म्होरक्याचा फेट्यातला फोटू, वर ‘परखड विचारांचे तरुण नेते’. परखड म्हणं! जळ्ळं मेलं ते परखडपण.

चाँदभाई मणेर आबांकडं गेला. आख्ख्या आळीच्या हातात बांगड्या त्यानंच भरलेल्या. भरून झाल्या की आमी त्याच्या पाया पडायचो, रीतच हाय ती.

“आबा, असलं कशाला छापता? माझं पोट हाय ह्याच्यावर.”

“आम्ही फक्त दोन्ही बाजू मांडतो, चाँदभाई. ठरवायचं लोकांनी,” म्हणत आबांनी चष्मा पुसला. अडचण आली की चष्मा पुसायचे, लबाड मेले!

लोकांनी ठरवलं की. हसणारेच म्हणाया लागले, “पेपरात आलंय, उगं का छापत्यात?”

मग आबांच्या सिंधूचं लगीन निघालं. तिच्या आईनं, द्वारकाबाईनं, चुडा भरायला चाँदभाईलाच सांगावा धाडला. तो पेटी घेऊन मांडवात बसला, तर वऱ्हाडातली एक बाई किंचाळली, “ह्याच्या हातनं? अगं, पेपरात काय आलंय!” झालं. साऱ्याजणींनी हात पदराखाली ओढले. मी रागानं लाल झाले.

सिंधूनं मात्र हात पुढं केला. “माझ्या पयल्या बांगड्या चाँदमामांनीच भरल्या. चुडाबी त्येच भरतील.”

सगळे आबांकडं बघाया लागले. ‘भर’ एवढं म्हणायचं होतं, दुसरं काय? आबांनी चष्मा पुसला. “पाहुण्यांच्या भावना बघाव्या लागतात.”

चाँदभाईनं पेटी मिटली. सिंधूचा हात तसाच पुढं ऱ्हायला.

पुढल्या सोमवारी पेपरात आलं, ‘चुड्याच्या रिवाजावर दोन मते’. एक त्या म्होरक्याचं, एक शाळामास्तरांचं. चाँदभाई माझ्या पायरीवर येऊन बसला.

“सारजाबाई, ह्यात माझं काय आलंय?”

मी चारी पानं उलटीपालटी केली. “न्हाय, चाँदभाई. तुमास्नी कुणी इचारलंच न्हाय.”

त्यानं तो पेपर मागून घेतला, सिंधूचा चुडा त्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. “तिच्या सासरी पोचवा. मी आता आबांच्या दारात न्हाय जात.”

सासरी न्यायच्या आधी मी ती पुडी आबांच्या म्होरं आपटली. म्हटलं, बघू दे ह्याला, काय केलंय ते. आबासाहेबांनी पुडी सोडली, बांगड्या बाजूला सारल्या, अन् चुरगळलेला कागद मांडीवर सपाट करत बघाया लागले, छपाई नीट उठलीय का.