कांद्याच्या वावरातून गारव्याच्या खोलीत

बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळच होती, तरी फलाटावरच्या तापलेल्या लोखंडी बाकाला टेकले आणि लगेच उठले. शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःखालच्या सतरंजीचा अर्धा भाग माझ्यासाठी पसरला. "बसा अथी (इथे). नवीन दिसून राह्यल्या." वऱ्हाडात मला मिळालेली ही पहिली जागा.

मी रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवते. खाटेवरच्या एका रुग्णाची शुश्रूषा सगळ्यांना समजते. अख्ख्या वस्तीची काळजी आधीच कशी आखून ठेवायची, हे शिकवणं जरा अवघड. आमच्या कोकणातही हल्ली उन्हाळे अंगावर येऊ लागलेत. म्हणून ज्यांचं ऊन सगळ्यात कडक, त्यांच्याकडे जाऊन काही शिकावं असं ठरवून मे महिन्यात निघाले. घरच्यांनी वेड्यात काढलं.

अमरावतीत दोन दिवस राहिले. तिथल्या नर्सिंग कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी मला गिला वडा (दह्यातला वडा) खाऊ घातला, दुपारी बाहेर पडायचं नाही म्हणून दम भरला आणि एका पहाटे मोझरीला गुरुकुंजात नेऊन आणलं. आश्रमाच्या आवारात झाडणारी माणसं, ओळीत बसलेले यात्रेकरू, सगळं इतकं शांत होतं की आम्ही नर्सबायाही गप्पा विसरलो.

तिथून एसटीने अकोला. मूर्तिजापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना काळं रान पसरलेलं, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. खिडकीतून येणारा वारा चुलीसमोर बसल्यासारखा. अकोल्याच्या स्टँडवर, ज्यांचं काम बघायला मी आले होते त्या शोभा सिस्टर स्कूटर घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, उंच, आवाज खणखणीत. त्यांचं आरोग्य उपकेंद्र खारपाणपट्ट्यातल्या एका खेड्यात आहे. या पट्ट्यात विहिरींना पाणी असतं, पण ते खारट. पिऊन तहान भागत नाही. नळाला पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचं. उन्हाळ्याचं सगळं नियोजन या एका गोष्टीपासून सुरू होतं, असं सिस्टरांनी स्कूटरवरच ओरडून सांगितलं.

गावात पोचलो तेव्हा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. फरशीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढणं चाललं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरावर कुंकू, तान्ह्या बाळाच्या किंवा गरोदर बाईच्या घरावर हळद, आणि जिथे पाणी उशिरा पोचतं त्या गल्लीवर कोळशाची रेघ. कुंकवाच्या प्रत्येक घरासाठी शेजारची एक बाई ठरत होती. तिने दुपारी एकदा त्या घरात डोकावायचं, एवढंच काम. मागे मातीच्या जाड भिंतींची, कवेलूंची (कौलांची) जुनी खोली होती. तिथे कुलर, दोन खाटा, पाण्याचे माठ आणि ओल्या चादरींची बादली. तिला सगळे गारव्याची खोली म्हणत.

"उन्हानं माणूस पडला की दवाखाना दूर आणि वेळ थोडा," सिस्टर म्हणाल्या. "म्हनून पडल्यावर काय करायचं ते आधी ठरवून ठेवलं. आता अडलंय ते फक्त एका लग्नाचं."

लग्न पुंडलिकभाऊंच्या घरचं होतं. पुंडलिकभाऊ भाजीपाला पिकवणारे, गावात मान असलेले. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न परवावर आलं होतं, मुहूर्त ऐन दुपारचा. नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वाजतगाजत येणार, म्हणजे सारं गाव आणि पाहुणे डांबरी रस्त्यावर. संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, मांडव दाखवला, आणि सिस्टरांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं.

"सिस्टर, तुमचं आजवर काही टाळलं नाही," ते म्हणाले. "पन पोरीचं लग्न हाये. व्याह्याले काय सांगू, आमच्या गावात ऊन लागते म्हनून वेळ बदला? तथी (तिथे) त्यायच्या गावी काय सावली हाये?"

सिस्टर हसल्या नाहीत, वादही घातला नाही. "विचार करा भाऊ," एवढंच म्हणून उठल्या.

दुसऱ्या दिवशी कांदा काढणाऱ्या बायांना भेटायला आम्ही पहाटेच वावरात (शेतात) गेलो. सिस्टरांच्या सांगण्यावरून त्या उजाडताच काम सुरू करून ऊन तापायच्या आत घरी जात. द्वारकाबाई त्यांची पुढारीण, हाताने काम आणि तोंडाने विनोद सतत चालू. मीही वाफ्यात बसून कांदे काढू लागले. सिस्टरांना मध्येच एका बाळंतिणीकडे बोलावणं आलं. त्या म्हणाल्या, बायांबरोबरच परत या. बाया निघाल्या, पण मला बांधावरच्या बाभळीचे, कांद्याच्या ढिगांचे फोटो काढायचे होते. "येतेच मी मागून," म्हणाले.

कोकणात घाम अंगावरून निथळतो, त्यामुळे आपण थकतोय हे कळतं. इथे घाम येण्याआधीच सुकत होता. मला छान कोरडं वाटत होतं. मग डोकं ठणकू लागलं. वाट ओळखीची वाटेना. कांद्याचे ढीग मला आमच्या अंगणातल्या नारळांच्या राशीसारखे दिसले, हे आठवतं. त्यानंतरचं मला इतरांनी सांगितलं.

ती कोकणातली ताई अजून कशी आली नाही, म्हणून द्वारकाबाई अर्ध्या वाटेवरून परत फिरल्या होत्या. मी बांधावर पडलेली, असंबद्ध बोलत होते. अंग तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. त्यांनी आणि आणखी तिघींनी लुगड्याची झोळी करून मला उचललं आणि त्या भर उन्हात गावापर्यंत आणलं. एक जण पुढे धावत गेली. मी गारव्याच्या खोलीत पोचले तेव्हा कुलर सुरू होता, चादरी ओल्या होत्या आणि सिस्टर दारात उभ्या होत्या. शुद्ध नीट नव्हती, म्हणून त्यांनी मला पाणी पाजू दिलं नाही; कपडे सैल करून अंगावर ओल्या चादरी टाकल्या, वारा घातला. मान, काखा, जांघा यांना बर्फ हवा होता आणि माठातलं पाणी तेवढं गार नव्हतं.

हळदीच्या पाहुण्यांच्या सरबतासाठी पुंडलिकभाऊंच्या घरी बर्फाच्या लाद्या आल्या होत्या. कोणीतरी तिकडे ओरडलं. लादी गोणपाटात गुंडाळून स्वतः पुंडलिकभाऊच घेऊन आले, हळदीचे हात तसेच.

मला पहिली शुद्ध आली ती गार पाण्याच्या ओघळाने. डोळे उघडले तर उंबऱ्यावर एक पिवळ्या हातांचा माणूस बर्फ फोडत बसलेला.

"आता कसं वाटून राह्यलं, ताई?" त्यांनी विचारलं.

मी रडले, एवढं आठवतं.

अ‍ॅम्ब्युलन्सने अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, तपासण्या केल्या, रात्रभर ठेवून घेतलं. "अंग वेळेवर थंड केलं म्हणून बरं," ते म्हणाले, "नाहीतर मूत्रपिंडं गेली असती, कदाचित तुम्हीही." मी घरी फोन केला तेव्हा नवऱ्याला फक्त थकवा आला म्हणून सांगितलं. बाकीचं नंतर, समोर बसून.

दुसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर सिस्टर मला न्यायला आल्या. वाटेत म्हणाल्या, "लग्न चुकलं नाही तुमचं. गोरज मुहूर्तावर हाये आता."

पुंडलिकभाऊंनी त्याच रात्री व्याह्यांना फोन केला होता. काय बोलले ते त्यांनीच मला सांगितलं. "म्हनलं, पाहुनी बाई माह्या डोळ्यासमोर मरता मरता वाचली. तुमची बुढी माय मिरवणुकीत चालनार हाये. मले तिले उचलून न्यायचं नाही. व्याही म्हनाले, आमच्या घरीबी हेच बोलनं चाललं होतं, पन तुमाले कसं म्हनावं?"

सूर्य मावळताना मिरवणूक निघाली. बाया दारादारांतून बाहेर आल्या, म्हातारेही काठी टेकत आले. मला मांडवात कुलरसमोर बसवलं होतं आणि उठायची बंदी होती. पंगतीत आधी वृद्ध आणि मुलं बसली. वांग्याची भाजी, वरण, रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे), त्यावर तुपाची धार. मला डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलं होतं. मी रोडग्याचा एकच तुकडा खाल्ला आणि इतकं चविष्ट काही मी आजवर खाल्लेलं नाही.

निघायच्या सकाळी द्वारकाबाईंच्या घरी गेले. त्या भांडी घासत होत्या. मी त्यांचे हात धरले आणि आभार मानू लागले. त्या संकोचून गेल्या.

"कावून (कशाला) एवढं मनाले लावून घेता, ताई?" त्या म्हणाल्या. "उचललं तवा मले तुमचं नाव बी ठाऊक नव्हतं. उन्हात पडलेल्याले खोलीत न्यायचं, एवढंच ठरलं होतं आमचं."

गाडीत बसल्यावर मी त्यांच्या बोलण्याचाच विचार करत होते. वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आले की आपण लोकसमूहाची काळजी आखतो. ते बोलताना माझ्या मनात नेहमी समोरचे लोक असत आणि मी आखणाऱ्यांच्या बाजूला. त्या गावाने जी माणसं डोळ्यांसमोर ठेवून खोली थंड ठेवली, पाणी भरून ठेवलं, त्यांच्यात मी नव्हते. मी कोण, कुठली, येणार की नाही हे कोणाला माहीतही नव्हतं. तरी माझ्यासाठी जागा होती.

घरी पोचले. नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. मग उठून त्याने सिस्टरांचा नंबर मागितला, आणि मला वाटलं रागावून काही बोलणार. पण तो फोनवर एवढंच म्हणाला, "मी तिचा नवरा बोलतोय." पलीकडून सिस्टरांचा खणखणीत आवाज मला दुरूनही ऐकू आला. त्या त्याला विचारत होत्या, तो जेवला का.