आई जिवंत की मेलेली?

वडशाच्या एका नाटक कंपनीची संहिता टाइप करायचं काम रंजीता गेडामकडे होतं. ती मूळची नागभीडची. भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात तिचा मराठी टायपिंगला हात बसला. लग्न होऊन वडशाला आली तशी कंपनीचे मालक देवाजीभाऊंनी तिला बोलावून घेतलं, कारण नाटकवाल्यांचं अक्षर लावणारं दुसरं कोणी मिळेना.

पण खरी पंचाईत अक्षराची नव्हती. नाटक एक आणि त्यात हात घालणारे तिघं. नायक पवन स्वतःचे संवाद वाढवायचा, देवाजीभाऊ गाणी छाटायचे, दिग्दर्शिका करिष्मा शेवट बदलायची. जो तो आपली फाइल व्हॉट्सअॅपवर टाकून मोकळा. 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरी फायनल'! कोणाच्या हातात कोणती छापील प्रत, देव जाणे.

दिवाळीनंतर सिंदेवाहीकडच्या एका प्रयोगात व्हायचं तेच झालं. करिष्माने आदल्या दिवशी नाटकातली आई मारली होती. पवन फोटोला हार घालून हंबरडा फोडत होता. आईचं काम करणाऱ्या गुणाबाईंच्या कागदात मात्र आई धडधाकट. त्या पिशवी घेऊन थेट रंगमंचावर!

"काऊन रडून राह्यला रे?"

पवन दचकून वळला. "आई, तू... गेली होती ना?"

"गेलती ना, बाजारात!"

मंडप हसून लोटपोट झाला. विंगेत उभ्या रंजीताला मात्र धरणीत गडप व्हावंसं वाटलं.

वडशाला परतल्यावर बैठक बसली. "एकच प्रत ठेवू, माह्या कपाटात," देवाजीभाऊ म्हणाले. पण ते नागपूरला गेले की कुलूप कोण उघडणार? रंजीताने पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या दिराला, सुनिलला फोन लावला. त्याने प्रोग्रामर लोक बदलांची नोंद ठेवायला वापरतात ते साधन सुचवलं. तिने ते लावून पाहिलं. प्रत्येक बदल नीट राहत होता, पण त्यासाठी सगळ्यांनी कमांड पाठ करायच्या. पवनने हात जोडले. "मी नट आहो बाई, इंजिनियर नाई."

मग तिने सगळ्यांना एकत्र उघडता येईल अशी ऑनलाइन फाइल केली. कोणी, कधी, काय बदललं ते तिच्यात आपोआप राहत होतं. मग मालकासमोरच तिने सगळ्यांना नियम सांगितले.

"सूचना सगळ्यांनी बाजूले लिहा. करिष्माताई हो म्हणन, मंगच मी बदलीन. दौऱ्यावर नेटवर्क नसते, तं निघताना तारीख टाकून कागद काहाडू. परत येईपर्यंत त्याले कोनी हात लावायचा नाई."

"म्हंजे आता तूच मालकीण?" पवनने विचारलं.

"नाई, पवनभाऊ. पन तुमचं काहाडलेलं वाक्य परत आनता आलं पाह्यजे ना."

पुढच्याच महिन्यात त्याची प्रचिती आली. करिष्माने पवनचं लांबलचक भाषण कापलं आणि तो प्रवेश सपशेल पडला. पवन धुमसत आला. रंजीताने जुनी आवृत्ती उघडून दोघांसमोर ठेवली. करिष्माने ती मोठ्याने वाचली.

"पह्यला अर्धा भाग चांगला आहे. तेवढा ठेवू."

"आनि बाकीचा?"

"बाकीच्यात तू नुसता वरडतोस, पवन."

पवनच आधी हसला. रंजीताने तेवढा भाग परत आणला आणि नवी तारीख टाकून कागद छपाईला लावले.