गाडी बोटभर वर आली

मागच्या वर्षीपर्यंत मी देवापुढे उभा राहायचो तो मागण्यांची यादी घेऊनच. हे कर, ते कर, आणि अमक्या पद्धतीनेच कर. देवाला माझा सल्ला नको असेल, अशी शंका मला कधी आली नव्हती. मग मुलीचं बाळंतपण आलं आणि माझी भक्तीच डळमळली. तिची दोन बाळं आधी पोटातच गेली होती. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं, दर पंधरा दिवसांनी तपासणीला आणा, पण गाडीत धक्के बसू देऊ नका. मुलगी सोनाळ्याला, आमच्याकडे माहेरी होती आणि दवाखाना खामगावला.

आमची सात जणांची मोठी गाडी. अंगणात उभी असली की मला उगाच मोठेपणा वाटायचा. पण चालताना ती अशी आदळायची की बारक्या खड्ड्यालाही मागून मुलीचा दबका आवाज यायचा, "बाबा, हळू चालवा ना, पोटात कळ येऊन राह्यली." मागचे दोन्ही शॉकअप बदलले, टायर बदलले, फरक शून्य. भाड्याची गाडी सांगू, असं बायको म्हणाली तेव्हा मी तिच्यावरच उखडलो. दारात एवढी गाडी असताना भाड्याची कशाला? एकदा गॅरेजात मिस्त्री चाकामागे वाकून सांगायला लागला, "काका, हे मागचे रबर..." मी त्याला मधेच तोडलं, "ते राहू दे, तू शॉकअप पाह्य."

बायको शेजारीच उभी होती. "त्याले बोलू तर द्या," ती म्हणाली. "तुम्हाले सगळंच समजते, मंग इथं आले काऊन?"

एका शनिवारी खामगावला निघालो आणि थोड्याच वेळात मुलगी घामाघूम झाली. रस्त्यालगतच्या मारुतीजवळ गाडी थांबवली. बायकोने तिला उतरवून पारावर सावलीत बसवलं, पाणी पाजलं. मी गाभाऱ्यापुढे गेलो. हात जोडले खरे, पण मनात राग होता, आणि त्याहून जास्त भीती. यादी आठवेना. तोंडातून एवढंच निघालं, "मले काही समजत नाही. आता तूच पाह्य." असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं असेन.

बाहेर आलो तर रुईच्या पानांच्या माळा विकणारी एक म्हातारी आमच्या मागच्या चाकासमोर गोणपाट टाकून बसली होती. तिने माझ्यापुढे माळ धरली नाही. म्हणाली, "भाऊ, गाडीले काही झालं काय? इथं दिवसभर गाड्या थांबतात. मागचे माणसं उतरले का गाडी बोटभर वर येते. तुमची तर हाललीच नाही."

मी तिच्या शेजारी धुळीत बसलो आणि चाकाच्या आत पाहिलं. संत्र्याचे कॅरेट भरले की गाडी मागून बसते, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे जाड ठोकळे घालून घेतले होते. रबर मऊ, ते कसला धक्का देणार, असा माझा समज. पण त्यांच्यामुळे स्प्रिंगला दबायला जागाच उरली नव्हती. माझ्या लेकीला बसणारा एकेक धक्का माझ्याच हातचा होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

समोरच पंक्चरचं दुकान होतं. दुकानदाराने जॅकवर गाडीचं मागचं अंग उचललं, स्प्रिंग सैल झाल्यावर साबणाचं पाणी सोडून सगळे ठोकळे ओढून काढले. मालासाठी टायरांत ठासून भरलेली हवाही दरवाजाच्या कडेला लिहिलेल्या आकड्यावर आणली. अर्धा तास लागला.

पुढे तोच रस्ता, तेच खड्डे. मागून मात्र आवाज येईना. घाबरून आरशात पाहिलं, तर मुलगी आईच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती. बायकोने ओठांवर बोट ठेवलं. आणि नवल म्हणजे, मी गप्प बसलो.

पूर्ण दिवस भरून नात झाली. पेढे घेऊन म्हातारीकडे गेलो, तिच्या पाया पडलो. ती संकोचली. "म्या काय केलं भाऊ? दिसलं ते सांगितलं."

यात देवाने काय केलं, असं कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. मिस्त्रीही तेच सांगत होता, पण मी ऐकत नव्हतो. त्या शनिवारी मला ऐकू आलं. ती कृपा होती, असं मी मानतो, आणि तिचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

आता नातीला घेऊन मारुतीला जातो. मागायला काही सुचत नाही. ती घंटेकडे हात नेते. मी तिला वर उचलतो आणि तिचा हात पोचेपर्यंत तसाच उभा राहतो.