रशीदभाईंनी न केलेली सही

रशीदभाई गेले, आणि आमची केस अजून चालूच आहे.

हार्ट अटॅक. जेवून घरातच बसले होते. गाडीचा काही संबंध नाही, उगाच कुणी तर्क लढवू नका.

आज मलकापुरात त्यांची तिसऱ्या दिवसाची जियारत, म्हणजे गेलेल्यासाठी दुवा मागणं, झाली. तिथून आत्ताच आलोय.

आमची ओळख आंबा घाटातली.

माझी नवीकोरी गाडी. रत्नागिरीकडून जांभा दगड भरून वर येत होतो. एका वळणावर मीटरवर पिवळा दिवा लागला आणि गाडीचा दमच गेला. ॲक्सिलरेटर दाबून पायात गोळे आले, तरी गाडी गोगलगाय. शेवटी कडेला घेतली.

पुढं तीच कंपनी, तेच मॉडेल, कडेलाच उभं. केबिनला टेकून एक दाढीवाले गृहस्थ.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय. चा प्यायला थांबलोय. तुमचं?"

"मी बी चा प्यायलाच."

त्यांनी खाली दरीकडं बघितलं. मग वर कड्याकडं.

"पावणं, हितं चा कोण देतंय? माकडं?"

दोघंही पोट धरून हसलो.

आम्हा ट्रकवाल्यांचं हे असंच. घरात कोण आजारी आहे ते गावभर सांगू, पण गाडी आजारी आहे हे मरेपर्यंत नाही सांगणार. गाडी घाटात मरते अशी बोंब झाली की साखर कारखान्याची वाहतूक गेली, आणि विकायला काढली तर कुत्रं फिरकत नाही. म्हणून जो तो म्हणणार, आपली गाडी एक नंबर. आणि गुपचूप बंपरला लिंबू-मिरची बांधणार.

मीही बांधली होती. वर काळी बाहुली फ्री.

रशीदभाईंनी ही अक्कल पहिल्यांदा बाजूला ठेवली. मुरगूड, बिद्री, जिथं हे मॉडेल दिसेल तिथं खाली उतरायचे आणि चारचौघांत म्हणायचे,

"माझी गाडी चढाला मरती. तुझी?"

आधी स्वतःची अब्रू काढायची, मग समोरचा बोलायला लागतो. बोलायला लागले की हो सगळे! प्रत्येकाला वाटत होतं, नजर फक्त आपल्यालाच लागलीय.

नजर कसली! नव्या डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करायची सिस्टीम असते, त्यात युरिया घालावा लागतो. त्या सिस्टीमचा सेन्सर चुकीचं सांगायला लागला की कॉम्प्युटर इंजिनची ताकद कापतो. भरल्या गाडीत, चढावर. शोरूमवाला मात्र प्रत्येकाला वेगळं गाठून तेच सांगत होता, "तुम्हीच भेसळीचा युरिया घातलाय." आणि आम्हाला ते पटतही होतं, कारण विचारायचं कुणाला?

शेवटी आम्ही एका वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांचं दुखणं एकच असेल तर ग्राहक आयोगात मिळून केस करता येते. केली. पहिलं नाव रशीदभाईंचं.

तारखा पडत गेल्या. आणि मग कंपनी एकदम गोड झाली.

एकेकाला वेगळा फोन. गाडी आणा, नवीन सेन्सर, नवीन सॉफ्टवेअर, सगळं फुकट. फक्त एक सही. कागदावर काय? "गाडीत मुळात कोणताही दोष नव्हता. कंपनीने सद्भावनेने काम करून दिले. माझी तक्रार नाही."

आम्ही रशीदभाईंना विचारायला गेलो. वाटलं, शिव्या घालतील.

"करा की सही. घरात पोरं हायत तुमच्या. गाडी उभी ऱ्हायली तर कंपनी घालणार हाय व्हय जेवाय?"

"आणि तुम्ही?"

"मी न्हाय करणार. दोष न्हवता म्हणं! मग मी घाटात काय माकडं मोजत हुतो?"

मग म्हणाले, "एकानं तरी ऱ्हायाला पायजे. मी हाय तवर केस सगळ्यांची हाय."

लोक मला विचारतात, अशा सामूहिक केसचा मालकाला उपयोग होतो का?

होतो. केस नसती तर तो गोड फोन कुणालाच आला नसता. केसमुळं, सह्या करून का होईना, सगळ्यांच्या गाड्या नीट झाल्या.

एक सोडून.

मलकापूर घाटाच्या तोंडाशी, तिथल्या माणसाचा सगळा धंदा घाटाखाली कोकणात. रशीदभाईंनी कोकण सोडलं. सांगलीकडं सपाट रस्त्याची, कमी भाड्याची फेरी धरली. आम्ही त्यांच्या दारावरून घाटाला जायचो, हॉर्न द्यायचो, ते हात करायचे. कधी एक टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

मी एकदा म्हटलं, "भाई, बास करा आता."

"उद्या ह्येच मॉडेल कोण नवीन पोरगं घील. त्येला कोण सांगणार?" एवढंच.

आज जियारतीनंतर कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, आता केस संपली म्हणायची.

वकीलबाई आल्या होत्या. म्हणाल्या, वारसानं नाव लावलं तर चालू राहते. पण घरच्यांवर जबरदस्ती नाही.

भाभी पडद्याआड होत्या. इद्दत आहे, नवरा गेल्यावर बरेच दिवस त्यांना घराबाहेर पडायचं नाही. आतूनच आवाज आला,

"कोर्टात खोटं काय बोलायला लागतंय का?"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"मग लावा माझं नाव. गाडी चढत न्हवती. रोज तोंड बारीक करून घरी यायचे, मी बघितलंय. सांगते की."

वकीलबाई म्हणाल्या, "कागद घेऊन मीच घरी येते."

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, तसली सही केलेल्या माणसाची साक्ष चालते का?

म्हणाल्या, "चालते. पण कंपनीचा वकील तुमचीच सही दाखवून सालटं काढेल."

काढू दे.

रशीदभाई, निवांत झोपा. अल्ला तुम्हाला जन्नत देवो. पुढच्या तारखेला भाभींच्या बाजूनं मी उभा आहे.