शेजाऱ्याच्या रायफलची मूठ

इथे अमेरिकेत, फ्रिस्कोला आमच्या शेजारी एक गोरे आजोबा राहतात, वाक्यागणिक ‘मॅम’ म्हणणारे. एकदा गराजमधून मला हाक मारून त्यांनी रायफलच्या दोन-तीन सुट्या मुठी पुढे केल्या.

“धरून बघा, मॅम. माझ्या लेकीचा हात तुमच्याएवढाच आहे.”

लेक सैन्यात, इराकला निघालेली. सैन्याच्या रायफलची मूठ तिला टोचायची. आता मला बाई लाटण्यापलीकडे काय कळणार? पण लाटणं निवडावं तशीच डोळे मिटून एकेक दाबून पाहिली आणि रबराची निवडून दिली. “हिनं फोड नाही येणार.”

हिवाळ्यात लेकीचं सामान तेवढं परत आलं. ती मूठ आजोबांनी स्वतःच्या रायफलला बसवलीय. त्यांच्या पंजाला ती पुरत नाही, तरी गराजमध्ये धरून बसतात. मी दिसले की सांगतात, “तिला फोड नाही आले, मॅम.”