दुधी काचेतलं भोक

"तुमच्या या वॉर्डात माझे पेशंट बरे होत नाहीत, मुक्काम करतात," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

पनवेलमधलं त्यांचं हाडांचं छोटं हॉस्पिटल. वरच्या मजल्यावरचा वॉर्ड मी नव्याने करून दिला होता. पंधरा वर्षं बिल्डरांसाठी पार्किंगचे नकाशे काढून कंटाळलो आणि चाळिशीत खारघरच्या एका कॉलेजात हेल्थकेअर आर्किटेक्चरचं एम.आर्क. करायला बसलो. इमारतसुद्धा पेशंटला बरं व्हायला मदत करते, असं हे शास्त्र. एकच सेमिस्टर झालं होतं, त्यामुळे मला सगळं येत होतं.

माझा लाडका शब्द 'पॉझिटिव्ह डिस्ट्रॅक्शन'. म्हणजे दुखण्यावरून लक्ष हटेल असं काहीतरी समोर ठेवायचं. मी सगळ्या खाटा कर्नाळ्याच्या डोंगराकडे तोंड करून लावल्या. कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीतून मात्र गेट दिसायचं. रिक्षा, वडापावची गाडी, वॉचमनची भांडणं. पेशंटला त्रास नको म्हणून त्या काचेला दुधी फिल्म चिकटवली. पाणी, बेल, दिव्याचं बटण, सगळं खाटेवरूनच हाताला येईल असं केलं. थोडक्यात, उठायला एकही कारण शिल्लक ठेवलं नाही.

उरणकडच्या सोनूबाईंचा गुडघा बदलला होता. चार दिवस झाले तरी पाऊल टाकेनात. चालल्या नाहीत तर सांधा आखडणार आणि ऑपरेशन पाण्यात जाणार. फिजिओथेरपिस्ट विनवून थकली. मग मी गेलो. तज्ज्ञ ना.

"आजी, डोंगर किती छान दिसतोय. खिडकीपर्यंत जाऊन बघा ना."

"डोंगर काय बगायचा? आमच्या दारातून रोज दिसतो. तो काय पलून जातोय?"

"मन शांत होतं."

"तू निज हितं चार दिस. मंग सांग."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर फिल्मला रुपयाएवढं भोक. डबा आला का ते बघायला सोनूबाईंच्या सुनेने हेअरपिनने खरवडलेलं. मी तिला फिल्मचं महत्त्व समजावत होतो, तेवढ्यात ती भोकाला डोळा लावून वॉर्डाकडे ओरडली, "आये, तुमची बहीण आली हाय. वॉचमन आत सोडत नाय. लय बोलते त्याला."

मागून वॉकरची टकटक ऐकू आली. सोनूबाई अर्धा कॉरिडॉर पार करून आल्या होत्या.

"सरक," त्या सुनेला म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू पन."

पुढची पाच मिनिटं त्यांनी उभ्या उभ्या कॉमेंट्री केली. "आता पिशवी खाली ठेवली. आता वॉचमनचं काय खरं नाय." फिजिओ घड्याळ बघत होती, मी फिल्म.

डॉक्टर मॅडम केव्हा येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. "फिल्म कधी काढताय?"

"कॉलेजातल्या गाईडला विचारून..."

"गाईडच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का?"

दुपारी मी स्वतः ब्लेड घेऊन फिल्म खरवडली. सोनूबाई वॉकर धरून देखरेखीला. "हितं रायलंय." संध्याकाळी त्या खिडकीशी चार पेशंट उभे होते. तिथे धरायला कठडा आणि टेकायला बाक लावावा लागला. चार दिवसांनी सोनूबाई गेटपर्यंत चालत गेल्या आणि घरी गेल्या.

हे सगळं मी थिसिसमध्ये माझं संशोधन म्हणून घातलं. मार्क चांगले पडले.

आता नवीन हॉस्पिटलचं काम आलं, की आधी तिथल्या रिकाम्या खाटेवर तासभर पडून राहतो. नर्स हसतात. पण डोक्यावरचा पंखा किती कुरकुरतो, हे नकाशात कुठेच लिहिलेलं नसतं.