दारासमोरची उलटी पताका

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे, भानामती यांना आमच्या उंबऱ्याच्या आत कधी थारा मिळाला नाही. त्यात मी कॉम्प्युटरवाली – काही बिघडलं की बग शोधायचा, भूत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. तुम्हीही हसा हवं तर, पण शेवटपर्यंत वाचा.

मी रॉटरडॅमच्या एका छोट्या कंपनीत गेम्ससाठी गावं, बाजार, जंगलं तयार करते. राहते शेजारीच, कापेल आन डेन आयसेलला, चौथ्या मजल्यावर. पप्पा गेले तेव्हा मी आईला इकडे घेऊन आले. मनमाडचं आमचं रेल्वे क्वार्टर कधीच पाडलं होतं. भाड्याच्या खोलीत ती एकटी काय करणार... इथे आल्यावर ती जेवायची, बोलायची, सुपरमार्केटातल्या कोथिंबिरीला नावं ठेवायची. पण पप्पांविषयी एक अक्षर नाही. मी विषय काढला की उठून भांडी घासायला लागायची – घासलेलीसुद्धा. डोळ्यांत पाणी नाही, तोंडात नाव नाही. मला तिची काळजी वाटायला लागली होती. माणूस किती दिवस असं आतल्या आत कोंडून घेणार?

एप्रिलमध्ये समोरच्या बाल्कन्यांवर नारिंगी पताका लागल्या.

"यांची पण जयंती असते का गं?" आईने विचारलं.

"राजाचा वाढदिवस असतो, आई."

तिने बराच वेळ पाहिलं. "प्लॅस्टिकच्या आहेत," म्हणाली आणि आत निघून गेली.

तेव्हाच ठरवलं, कॉम्प्युटरवर आपली गल्ली बनवायची. भीमजयंतीची, निळ्या पताकांची. आई बाणांची बटणं दाबत तिच्यातून चालेल, आणि मग तरी पप्पांचं काही बोलेल.

क्वार्टर, नळ, पिंपळ, पंचशील ध्वज – सगळं जमलं. पताका मात्र मी एकच केली, पतंगाच्या निळ्या कागदाची, टोक खाली, आणि तिच्याच कॉप्या गल्लीभर लावल्या. झालं, माझा जुना लॅपटॉप धापा टाकायला लागला. त्याच्या लेखी प्रत्येक पताका ही वेगळी वस्तू, पडद्यावर प्रत्येक वेगळी काढायची. यावर आमचा रोजचा उपाय म्हणजे सारख्या वस्तू मर्ज करायच्या. पूर्ण माळच एक वस्तू होते आणि कॉम्प्युटर सुटकेचा श्वास घेतो.

हे मी इथे येऊन शिकले असं ऑफिसात सगळ्यांना वाटतं. शिकले पप्पांकडून. जयंतीच्या आदल्या दिवशी ते अंगणात सुतळी ताणायचे, मैद्याची खळ करायची, पताका सगळ्या खालीच चिकटवायच्या आणि माळ घेऊन शिडीवर एकदाच चढायचं. "एकेक टांगत बसलो तर पुढची जयंती उजाडेल," म्हणायचे. माझ्या बोटांना त्या खळीचा वास राहायचा. मर्जचं बटण दाबताना तो आठवला आणि रडू आलं, खोटं कशाला सांगू.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आईला लॅपटॉपसमोर बसवलं. ती नळापाशी थांबली, पिंपळापाशी थांबली. मग आमच्या दारासमोर आली, वर पाहिलं आणि हात बटणांवरून काढून घेतला.

"ही उलटी कोणी लावली?"

मी पाहिलं. सगळ्या माळेत एकच पताका, टोक वर करून!

"चुकून झालं असेल गं, आत्ता सरळ करते."

एकाच पताकेच्या कॉप्या होत्या त्या. उलटायची तर सगळी माळ उलटायला हवी, एकटी नाही. मी माळ पुसून नव्याने मर्ज केली. पुन्हा तेच. मग शहाणपण करून माळ गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून लावली, म्हणजे दारासमोर दुसरीच पताका येईल. आली दुसरीच – आणि तीही उलटी. सोमवारी ऑफिसात योस्टला फाईल दाखवली. त्याला असल्या कटकटी सोडवायची भारी हौस. तो तासभर खटपट करून "असं पाहिलं नव्हतं" म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

संध्याकाळी आईला म्हटलं, "निघत नाहीये गं ती."

"नाहीच निघायची," आई म्हणाली. आणि बोलायला लागली.

"लग्नानंतरची माझी पहिली जयंती. यांनी मला खळ लावायला बसवलं. सगळी सासरची माणसं भोवती, मी आपली डोक्यावर पदर घेऊन, घाबरलेली. एक पताका उलटी चिकटवली. माळ वर गेली तेव्हा दिसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. यांनी शिडीवरून पाहिली. वाटलं, आता सगळ्यांदेखत बोलणार. तर माळ सरकवत सरकवत ती बरोबर आपल्या दारासमोर आणली आणि बांधून टाकली. खाली येऊन हळूच म्हणाले, 'राहू दे. दार चुकायचं नाही माझं.' मग दर वर्षी आपल्या हाताने एक उलटी लावायचे. मला चिडवायला. आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं."

ती पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडत होती. पप्पा गेल्यापासून पहिल्यांदा.

तुम्ही म्हणाल, लहानपणी पाहिली असशील, डोक्यात राहिली असेल. मान्य. पण पताका उलटी मी केलीच नाही, तर डोक्यात काय होतं याला काय अर्थ?

आता मी नवा लॅपटॉप घेतलाय. त्याला मर्जची गरजच पडत नाही, सगळ्या पताका तो सुट्या सुट्या आरामात काढतो. म्हणून माळ सोडवून पाहिली. सगळ्या सरळ. पुन्हा जोडली, तर दारासमोरची उलटी. का, ते मला आजही माहीत नाही. योस्टलाही नाही.

आईला सांगितलं, "सुट्या केल्या की सगळ्या सरळ असतात गं. एकत्र केल्या की तेवढी एक उलटते."

ती चहा गाळत होती.

"मग सुट्या करू नकोस," म्हणाली.